चपट्या तोंडाचे छर्रे

…आणि याला कंबरसुद्धा आहे! वच्छलानं छर्रा नखावर उभा केला. खाली परकरासारखा पसरलेला घेर, मध्ये आवळलेली कंबर, आणि वर गळा नाही, नाक नाही, एकदम सपाट डोकं — जणू शिशाची एवढीशी बाई, जन्मतःच कुणीतरी टपली मारून गप्प केलेली. दुकानाच्या काचेवर नत्थुजींनी तीन ढीग ओतले होते. चपट्या तोंडाचे, टोकदार, आणि भरीव गोळ्या.

"कागदासाठी पायजेत का पाखरासाठी, बाई?"

माणसासाठी, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"कागदासाठी," बाबा म्हणाले. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाबांना नेहमी तिच्याआधी येतं. मास्तर आहेत ना.

"मंग चपटेच घ्या. टोकाचा घुसते बरोबर, पन कागद फाडते. मंग भोक कुठी पडलं त्यावर पंचाइचं भांडन. चपटा कसा, काज कापल्यावानी गोल कापते. अन् हे भरीव गोळी लय जड. तुमच्या बंदुकीत इतला दम नाई."

दम! दम बंदुकीत नसेल, माझ्यात आहे. उद्या व्यायामशाळेच्या मैदानावर दिसेलच सगळ्या अकोल्याला. छऱ्याच्या बंदुकीच्या नेमबाजीत दोन वर्षं पहिला येणारा कमलाकांत — वकिलांचा कमलाकांत, कडक कॉलरचा, नागपूरला कायदा शिकणारा — यंदा नावं वाचेल आणि त्यात त्याला एक मुलगी दिसेल, अमरावतीची, मॅट्रिकच्या वर्गातली. ओळखेल का? ओळखेलच. अशी मुलगी विसरायची म्हणजे…

उन्हाळ्यात तो तिला बघायला आला होता, आईला घेऊन. वच्छलानं वाचून दाखवलं, सुईत दोरा एका दमात ओवून दाखवला, चालून दाखवलं. मग गोदावरीबाई म्हणाल्या, "इकडे बघ गं, माझ्याकडे." ती बघतच होती. "बघ ना." बघते आहे. "अगोबाई, मग ही बघते तरी कुठं?" आणि कमलाकांत मांडीवर थाप मारून म्हणाला, "आई, हिला वाढायला नको हं सांगूस. नेम माझ्या पानावर, नि आमटी शेजारच्याच्या धोतरावर!"

हसले. सगळी बैठक हसली.

नेम म्हणालास ना तू? बरं. मामाची बंदूक आणली, गोठ्याच्या भिंतीला पुठ्ठा टांगला, आणि अख्खा पावसाळा वच्छला शेणाच्या वासात उभी राहून त्या पुठ्ठ्यावर त्याचं हसणारं तोंड बघत होती, पडजिभेपर्यंत उघडलेलं, आणि त्यात छर्रे घालत होती. पहिला दातावर. दुसरा टाळूवर. आणि काय मजा सापडली ते कुण्णाला सांगितलेलं नाही… बाकीच्यांना नेम धरताना एक डोळा मिटावा लागतो, गाल वाकडा होतो, हात थरथरतो. माझा एक डोळा आपोआपच बाजूला होतो! दुसरा एकटा, निवांत, नळीच्या टोकावरच्या माशीवर बसतो. देवानं मला बंदुकीसाठीच घडवलंय, आणि लोक मला चुलीपाशी बसवून बघतायत.

उद्या तो हरेल, माझ्या हातून, त्याच्या गावात, त्याच्या आईदेखत. मग मीच म्हणणार, काय हो, धोतर सांभाळलंत ना?

"एकेक काचेवर घरंगळवून पाहा," नत्थुजी म्हणाले, "वाकडा असन तो डुलते."

बाबांनी चष्मा बोटानं कपाळावर ढकलला आणि काचेवर वाकले. अमरावतीहून भल्या पहाटे निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून, रजा टाकून आले होते. गाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत होते — आमची कन्या, नेमबाज आहे. शिशानं त्यांची बोटं काळी झाली होती. उत्तरपत्रिका तपासावी तसं एकेक छर्रा तपासत होते.

"हा घे. हाही. हा… घेर जरासा दबलाय, पण चालेल गं. एवढासा फरक कुणाच्या लक्षात येतोय!"

वच्छलाचा हात काचेवरच थांबला. हे वाक्य… हे तिनं ऐकलेलं होतं. उन्हाळ्यात, तिच्या डोळ्याबद्दल, याच आवाजात, असंच थोडं पुढं वाकून.

"नको तो, बाबा."

"अगं, एवढ्याशानं काय होतंय?"

"येतो लक्षात."

"पोरीचं खरं हाय, मास्तर," नत्थुजी म्हणाले. "दबलेला छर्रा नळीतून सरळच निघते, मंग अर्ध्या वाटेत त्याले आठोते का आपन वाकडे हाओ!"

बाबा हसले. जरा उशिरानं, खालच्या पट्टीत, ह्या ह्या ह्या… शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विनोद केला की हसतात तसे.

आणि त्या दिवशीचं हसणं — पावसाळाभर तिच्या कानात एकसंध घुमणारं — तिथल्या तिथे सुटं झालं. कमलाकांतचं घोड्यासारखं. गोदावरीबाईंचं, पदरात. आणि खाली, जरा उशिरानं, ह्या ह्या ह्या. ती तेव्हा मान खाली घालून चटईकडे बघत होती… एका डोळ्यानं. दुसरा होता बाजूला गेलेला, नेहमीसारखा, आणि त्यानं पाहिलं होतं. बाबा पानाचं तबक पुढं करत होते. हसत. इतके महिने त्या डोळ्याला ठाऊक होतं आणि तो बोलला नव्हता!

ती कमलाकांतचं तोंड आठवू लागली. दात, टाळू… येईना. उद्यासाठी जपून ठेवलेलं ते तोंड पुसट होत चाललं, आणि त्या जागी हे — दाढीची खुंटं, चष्म्याचे वळ, ओठ पुटपुटत छर्रे निवडणारे… माझ्यासाठी. माझ्याचसाठी निवडतायत, आणि मला का असं होतंय, का हाताला आत्ता बंदुकीचा दस्ता हवासा वाटतोय?

"काय गं? कुठं बघते आहेस?" बाबांनी मान वर न करताच, मायेनं विचारलं.

"छऱ्यांकडे," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यांना ते खरं वाटलं. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. चष्मा ढकलताना त्यांच्या कपाळावर शिशाचा एक ठिपका उठला होता, मधोमध, वाटोळा, काळा. तो घेऊन ते आता बाजारातून जातील, मुक्कामाला मामाकडे जातील, ओळखीच्यांना थांबवून सांगतील — आमची कन्या…

सांगावं का त्यांना?

बाबांनी निवडलेले छर्रे तिच्या तळहातावर ठेवले, सगळ्यांची तोंडं एकीकडे करून. वच्छलानं मूठ मिटली, श्वास अर्धा सोडून थांबवला, गोठ्यात थांबवायची तसा… आणि त्या ठिपक्यावरची नजर काही हलवली नाही.