हैद्राबादचा डबा

पालमच्या तालमीत बराबरीचे गडी दोनच, सिताराम आन् दत्तराव. उंची तीच, वजन तेच, रोज एकमेकाला धरून माती खाणारे. फरक खुराकात. दत्तरावचा खुराक म्हंजे भिजवलेले हरभरे आन् गुळाचा खडा, फडक्यात बांधून. सितारामचा डबा. मामानं हैद्राबादहून आणलेली ताकदीची पावडर, डब्यावर गोऱ्या पैलवानाचं चित्र. दुधात कालवायची, वास औषधाचा, चव खडूची. पण डबा असा की निस्ता हातात धरला तरी सितारामची छाती फुगायची.

"दत्त्या, हरभरे घोडं बी खातंय," सिताराम म्हणायचा.

"म्हणून तर पळतंय," दत्तराव चावत चावत म्हणायचा.

त्यात सोनपेठच्या माणिकरावांचा सितारामच्या घरी निरोप आला. पोरगा पैलवान हाय म्हणता, तर आमच्या जत्रंत कुस्ती बघू, मग सुपारी फोडू. त्यांच्या लेकीला, सत्यशीलाला, सितारामनं एकदाच यष्टीच्या खिडकीत पाह्यलेलं, पण तवापासून कोणत्याच डावात ध्यान लागंना. आता पडायचं न्हाई, बास.

जत्रंला गेला तर डबा काखेत, संगं दत्तराव. पंच आबासाहेब अंग बघून जोड लावायलेत. त्यांनी दत्तरावला बघितलं, त्याचं फडकं बघितलं, आन् एक काडीपैलवान समोर दिला. दत्तरावनं त्याला घटकेत चीत केलं. मग आबासाहेबांची नजर सितारामच्या डब्यावर. चित्र बघितलं, सिताराम बघितला, परत चित्र बघितलं.

"गडी हैद्राबादचा खुराक खायलाय. ह्याला हलका जोड दिला तर लोक मला दगडं मारतील."

आन् उभा केला लातूरकडचा एक. त्याला मान म्हणून नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर. सितारामच्या जिभेवर आलं, आबासाहेब, अर्धा डबा अजून तसाच हाय. पण आखाड्याच्या पल्याड, हलगीच्या गलक्यात, माणिकराव बसलेले. गर्दीतच डबा दत्तरावकडं सरकवला आन् उतरला.

हलगीवर दुसरी थाप पडायच्या आत त्याला आभाळ दिसलं.

दत्तरावनं उचलून कडंला बसवलं, माती झटकली. "खा चार दाणे, चक्कर जाईल," म्हणून फडकंच हातात दिलं. सितारामनं मूठभर तोंडात कोंबले, तवर माणिकराव आले. त्यांनी दत्तरावची पाठ थोपटली, हातातला डबा निरखला.

"पैलवान, ह्यो खुराक का तुमचा?"

येवढ्या मोठ्या माणसापुढं हरभरे कोण म्हणंल. दत्तरावनं सितारामकडं बघितलं, मग खाली बघितलं. "व्हय जी."

सितारामला बोलायचं होतं. पण डबा माझा म्हणावं, तर डबा खाऊन पडला. गप बसावं, तर हरभरे खाऊन पडला. ठरंस्तोवर तो चावतच बसला.

माणिकरावांनी त्याच्या हातातल्या फडक्याकडं बघून मान हालवली. "तरीच," म्हणले. मग दत्तरावला, "घर जवळच हाय, च्या घेऊन जा." दोघं निघाले, डबा दत्तरावच्या काखेत. चार पावलं जाऊन माणिकराव माघारी वळले, सितारामच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"सितारामराव, तुमी बी त्यो डबा चालू करा."