रेघ तुटली ती जागा

मित्रांनो, मी एक जुना आलेख आहे. आकड्यांचे चढउतार दाखवणारी साधी रेघ. राजाची तलवार नाही की वीराचा घोडा नाही, त्यामुळे माझी कहाणी सांगायला कुणी बसत नाही. म्हटलं, आपणच सांगावी.

माझा जन्म आरोग्य खात्याच्या कचेरीत, खिडकीजवळच्या संगणकावर झाला. गावोगावचे छोटे दवाखाने दर महिन्याला किती रोगी तपासले ते कळवत आणि त्या आकड्यांतून मी उभा राहत असे. लहानपणी माझा अवतार बघण्यासारखा होता. घडवणाऱ्याने हाताला लागेल तो रंग फासला होता, रेघांना सावल्या दिल्या होत्या आणि प्रत्येक आकड्याला दशांशाचं शेपूट लावलं होतं. आता सांगा, पाव रोगी कधी दवाखान्यात येतो का?

मग आकडेवारी बघणाऱ्या ताई आल्या. त्यांनी मला जणू न्हाऊमाखू घातलं. शेपटं छाटली, सावल्या पुसल्या, दवाखान्यागणिक एकच रेघ ठेवली, खाली महिने ओळीने लिहिले. साहेब म्हणाले, "आता कसं एका नजरेत कळतं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण एक गोष्ट ताईंच्याही नजरेतून सुटली होती. ज्या महिन्याचा आकडा येत नसे, तिथे माझी रेघ थेट शून्यावर जाऊन टेकायची. मी पडलो हुकमाचा ताबेदार. जसं मांडलं, तसा दिसलो.

एके वर्षी टेकडीवरच्या दवाखान्याची रेघ अशीच कोसळली आणि पुढच्या महिन्यातही तळालाच राहिली. साहेब म्हणाले, "तिथे कुणी फिरकतच नाही, तर दवाखाना चालवायचा कशाला? बंद करू. तिथल्या सिस्टरना इकडे बोलावून घेऊ." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. टेकडीवरच्या माणसांना दुसरा दवाखाना नदीपलीकडे होता. मला फार वाईट वाटलं, पण आलेखाला कुठलं आलंय तोंड?

आदेशाला जोडायला माझी प्रत हवी होती. ती काढताना ताई थबकल्या. "एकही रोगी नाही? साधा सर्दीवालासुद्धा नाही?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी मूळ तक्ता उघडला. तिथे शून्य नव्हतंच, तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी टेकडीवर फोन लावला.

"आकडे?" सिस्टरचा आवाज पार थकलेला होता. "अहो ताई, तापाची साथ आहे. व्हरांड्यातसुद्धा माणसं झोपवलीत. मोजत बसू की सलाईन लावू? मदत मागितली, तर तुमच्याकडूनच उत्तर आलं की तुमच्याकडे रोगी दिसत नाहीत."

ताईंनी तिथल्या तिथे माझी मांडणी बदलली. आता रिकाम्या महिन्यांपाशी रेघ तुटत होती आणि त्या जागेत लिहिलं होतं, 'आकडा आलेला नाही'.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे बरं दिसत नाही. मागच्या आकड्यांवरून रेघ अंदाजाने पुढे ओढा की."

"ओढली तर तिथे सगळं आलबेल आहे असं वाटेल, साहेब," ताई म्हणाल्या. "सिस्टर एकट्या आहेत. व्हरांड्यात रोगी झोपलेत."

 साहेबांनी आदेशाचा कागद फाडला आणि गाडी मागवली. त्याच दुपारी एक डॉक्टर आणि आणखी दोन सिस्टर टेकडीवर गेल्या.

पुढे कचेरीच्या भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर रंगीत चकत्या फिरतात, काटे हलतात, आणि येणारेजाणारे तोंडात बोट घालतात. नव्याचे नऊ दिवस, असं मनाला समजावत मी वाट पाहिली. पण ते नऊ दिवस काही संपेनात! कुणी माझ्याकडे ढुंकून बघत नाही. साहेब मात्र महिन्यातून एकदा मला आठवणीने उघडतात.

परवा टेकडीची रेघ पुन्हा तुटलेली दिसली. साहेबांनी कुणाला हाक मारली नाही. स्वतःच फोन लावला.

"सिस्टर, तुमचा आकडा आला नाही. कुणाला पाठवू का?"

 सिस्टर म्हणाल्या, "पाठवा साहेब. विचारलंत, जिवाला बरं वाटलं."

मित्रांनो, मला नटवा, धुवा, हवं तर अडगळीत टाका. माझी तक्रार नाही. पण रिकाम्या जागी आपल्या मनाने शून्य मांडू नका. तिथे कुणीतरी असतं. आधी त्याला विचारा.