इनेझसाठी आखलेली वाट

डॉसन गावाहून उत्तरेला समुद्रापर्यंत जाणारा खडीचा रस्ता मेबल कासीने अठ्ठावीस वर्षं खरवडला होता. रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचं ते पिवळं धूड, त्याच्या पोटाखालचं लांबलचक पातं, आणि पुढे शेकडो किलोमीटर एकही गाव नसलेला डोंगराळ मुलूख. उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, हिवाळ्यात बर्फ लोटायचा. मग पाठीचे दोन मणके झिजले, डॉक्टरांनी हात टेकले, आणि एकसष्टाव्या वर्षी मेबल त्या यंत्रावरून उतरली ती कायमचीच.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत ती त्या रस्त्याकडे एकदाही फिरकली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, "पाठ दुखते." पण दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून, दुसऱ्याने खरवडलेला रस्ता मुकाट्याने बघत जायचं तिच्या जिवावर यायचं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी मात्र तिला बसवेना. म्हणून ती ग्रेटा लिंडहोमच्या कचेरीत येऊन बसू लागली. ग्रेटा पस्तिशीची, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. बाहेरून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या प्रवाशांना ती सहली आखून द्यायची. कुठे मुक्काम करायचा, पेट्रोल कुठे भरायचं, काय बघायचं, सगळं. ग्रेटा संगणकावर आखायची, मेबल भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीने. दोघींचं रोज वाजायचं.

"तीन दिवसांत समुद्र गाठतात लोक, मेबल. त्यांना घाई असते."

"गाठतील की! समुद्र दिसेल, रस्ता दिसायचा नाही. घरी जाऊन धुळीचे फोटो दाखवतील."

ऑगस्टच्या शेवटी हार्वी आणि इनेझ टॉलेफसन आले. दोघं सत्तरीच्या घरातली, सस्कॅचेवानकडची शेतकरी माणसं. हार्वीने खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर पसरला. बघायच्या एकतीस जागा, नंबर घालून लिहिलेल्या.

"या सगळ्या व्हायला पाहिजेत," तो म्हणाला. "काय वाटेल ते करा."

तो बोलत असताना इनेझ मेबलच्या खांद्यावरून मागच्या शेगडीकडे बघत होती. मेबल बोलली तरी नजर शेगडीवरच. शेवटी मेबलला राहवलं नाही. "बाई, माझ्या मागे कोणी उभं आहे का?"

इनेझ खळखळून हसली. "तुमच्याकडे सरळ बघितलं की तुमचा चेहराच पुसला जातो हो. मधोमध नुसता करडा डाग. शेगडीकडे बघितलं की कडेने तुमचा एक कान आणि लाल स्वेटर दिसतो. छान आहे स्वेटर."

मेबलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हार्वी घसा साफ करत म्हणाला, "म्हणून तर घाई आहे. डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर किती दिवस टिकेल सांगता येत नाही. ती जायच्या आत हिला सगळं दाखवायचंय. समुद्रापर्यंत."

मग तो टायर तपासून घ्यायला गेला. दार लागल्याबरोबर इनेझने खुर्ची पुढे ओढली.

"त्याला वाटतं, हिवाळ्यासाठी बरण्या भरतात तसं डोळ्यांत सगळं भरून ठेवता येतं," ती म्हणाली. "बिचारा गेले सहा महिने यादीच करतोय. तुम्हाला एक सांगू? एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. उणे चाळीसमध्येसुद्धा चालवली. एप्रिलमध्ये लायसन्स परत दिलं. कचेरीतल्या बाईने खिडकीतून हात पुढे केला, मी कार्ड ठेवलं, झालं. मला काही बघायची हौस नाही. मला एकदा स्टिअरिंग धरायचंय. एकदाच."

मेबल तिच्या हातांकडे बघत राहिली. रुंद पंजे, आणि बोटं अशी, की मांडीवर असतानाही काहीतरी धरून असल्यासारखी वाकलेली. मेबलची स्वतःची बोटं तशीच होती.

"रस्त्यावर नाही," ती म्हणाली. "समोरून मालाचे ट्रक येतात. ते माझ्या मनाला पटायचं नाही."

"रस्त्यावर मी मागितलंच नव्हतं. मी आंधळी होतेय, खुळी नाही."

मेबलने दोन दिवस खपून वाट आखली. एकतीसपैकी चोवीस जागांवर काट मारली. लांबून दुर्बिणीने बघायच्या, पाटी वाचायच्या, बारीक फुलांच्या जागा गेल्या. राहिल्या त्या सात. सकाळचं ऊन पश्चिमेच्या डोंगरांवर पडतं, तेव्हा इनेझने मागच्या डाव्या खिडकीशी बसायचं. खिंडीत अर्धा तास थांबायचं, तिथे टुंड्रा लाल झालेला असतो आणि वारा चारी बाजूंनी लागतो. तांबड्या दगडांच्या ओढ्याशी गंधकाचा वास येतो. आणि मग परतीच्या वाटेवरची एक ओळ.

ग्रेटाने ती मोठ्याने वाचली. "'किलोमीटर तीनशे सतरा. खडीची जुनी खाण. दोन तास.' मेबल, निसर्गरम्य सहलीत खाण?"

"सपाट आहे. दोन फुटबॉलची मैदानं मावतील एवढी. वापर बंद आहे, आत कोणी येत नाही. रस्त्याच्या मुकादमाला फोन करून विचारलंय, तो म्हणाला जा."

मेबलने इनेझची इच्छा सांगितली तेव्हा ग्रेटाने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि तिथे त्यांच्याबरोबर कोण असणार? खाणीतले दगडधोंडे कोणाला ठाऊक आहेत?"

"नकाशा काढून देईन."

"देशील, देशील. आणि पाठ दुखते म्हणून घरी बसशील. दिवसभर या लाकडी खुर्चीत बसतेस ती काय पिसांची गादी आहे?"

मेबल खुर्चीतून उठून नकाशाकडे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती वाळवलेल्या माशांची पिशवी, बॅनक रोटीचं गाठोडं आणि पाठीमागे ठेवायची उशी घेऊन टॉलेफसनांच्या पिकअपपाशी उभी होती.

पहिले शंभर किलोमीटर तिने हार्वीचा जीव खाल्ला. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या दिसल्या की मागून आवाज यायचा, "हे कोणी खरवडलंय? पातं तिरकं धरलंय मेल्याने!" हार्वी वेग कमी करायचा. इनेझ हसायची. खिंडीत थांबल्यावर इनेझ खाली उतरली ती सरळ गुडघ्यांवरच बसली, आणि हाताने चाचपून तिने ओंजळभर लाल बोरं तोडली. आंबट बोरांनी तिचं तोंड वाकडं झालं. "डोंगर कसे दिसतायत?" हार्वीने काळजीने विचारलं. "मोठे," ती म्हणाली. "आणि भाजलेल्या बिटासारखे. गप बस ना जरा." दुपारपर्यंत दोघी एकमेकींना अगंतुगं करू लागल्या होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी ते पठारावरच्या सरायीत पोचले आणि पाऊस सुरू झाला. दीड दिवस तो थांबला नाही. पुढच्या नदीला पूर आला, फेरीबोट बंद झाली, आणि सरायीपुढे रस्त्यावरचं लोखंडी फाटक बंद झालं. मालाचे आठ ट्रक रांगेत उभे राहिले. हार्वी दर तासाला काउंटरवर जाऊन विचारायचा, आणि काउंटरवरची बाई दर तासाला तेच सांगायची.

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला, पण पाणी उतरायला अजून चार दिवस तरी लागणार होते. सोमवारी इनेझच्या डोळ्यांत इंजेक्शन होतं. ते चुकवून चालणार नव्हतं. हार्वी कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून बसला.

"मी तिला समुद्र दाखवणार होतो," तो मेबलला म्हणाला. "तेवढं एक तरी व्हायला हवं होतं हो."

"हार्वी," शेजारून इनेझ म्हणाली, "समुद्र तुला बघायचा होता."

"तुझ्यासाठी!"

"माझ्यासाठी म्हणून, तुला. परतीच्या वाटेवर मेबलने एक खाण ठेवलीये ना? तिथे मला गाडी चालवायचीये. त्यासाठी आले मी."

हार्वीने आधी इनेझकडे, मग मेबलकडे बघितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू यादी करत होतास रे. इतक्या मनापासून करत होतास, की मला मधे बोलवेना."

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, पिकअपच्या चाकांवरचा चिखल काठीने खरवडत होता. चारही चाकं स्वच्छ झाली तेव्हा आत येऊन म्हणाला, "निघायचं ना?"

तीनशे सतरावर मेबलने खाणीच्या फाटकाची साखळी सोडली. खाण पावसाने धुऊन लख्ख झाली होती. करड्या खडीची सपाट जमीन, तीन बाजूंना उतार, वर लालपिवळी झुडपं आणि मधूनमधून स्प्रूसची बुटकी सूचिपर्णी झाडं. मेबल सगळीकडे चालून मोठे दगड पायाने लोटू लागली. पाठीत कळ आली तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात हार्वी आला आणि मुकाट्याने दगड उचलू लागला. मग त्याने गाडीतून इंधनाचे लाल डबे, नारिंगी जाकीट, निळी ताडपत्री, जे जे रंगीत सापडलं ते काढलं आणि मैदानाच्या कडेने मांडत गेला. एक डबा मांडायचा, दहा पावलं मागे यायचं, मान वळवून नजरेच्या कडेने बघायचं, पुन्हा थोडा सरकवायचा.

"तिला समोरचं दिसत नाही," तो मेबलला म्हणाला, जणू हे मेबलला ठाऊकच नव्हतं. "कडेचं दिसतं. कडेला रंग असला की तिला कळेल, किती जवळ आलोय ते."

इनेझ चालकाच्या जागेवर बसली. सीट पुढे घेतली, आरसा उगाचच नीट केला. हार्वी शेजारी, मेबल मागे. गाडीने एक गचका खाल्ला.

"क्लचवरून पाय हळू सोड," हार्वी म्हणाला.

"हार्वी, तू मला क्लच शिकवणार?"

आणि मग गाडी निघाली. पहिली फेरी चालण्याच्या वेगाने, दुसरी जरा सैल हाताने. निळी ताडपत्री डावीकडून सरकली की इनेझ वळायची, लाल डबे आले की वेग कमी करायची. तिसऱ्या फेरीला ती काहीतरी गुणगुणू लागली. मेबलने मागून बघितलं. इनेझची वाकलेली बोटं स्टिअरिंगवर अगदी बरोबर बसली होती. आपण इतके दिवस कशावर रुसलो होतो, असं मेबलला वाटून गेलं, आणि तिने उशी पाठीमागे नीट सारली.

सहाव्या फेरीला इनेझने अचानक ब्रेक दाबला.

"काय झालं? दगड आला?" हार्वी दचकला.

"ती उजवीकडची टेकडी हलतेय."

"टेकडी?"

"हलतेय म्हणते ना! इंजिन बंद करते, थांबा."

हार्वीला काही दिसेना. मेबलने डोळ्यांवर हात धरून बघितलं, नुसती झुडपं. मग त्या झुडपांतून एक शिंग वर आलं, आणि तिला दिसलं, उतारभर करडी पाठ, करडी पाठ, मधे पांढऱ्या माना. कॅरिबूंचा, तिथल्या रानटी रेनडिअरांचा कळप खाली उतरत होता. दोनशे तरी असतील. नजरेच्या कडेला हललेलं इनेझने त्या दोघांच्याही आधी टिपलं होतं.

"काचा खाली करा," मेबल कुजबुजली. "आणि ऐका."

कळप खाणीत आला आणि गाडीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी वाहू लागला. पावलागणिक त्यांच्या घोट्यांतून टकटक असा आवाज येत होता, शेकडो घोट्यांतून, वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा. ओल्या केसांचा वास आत आला. एक पिल्लू नारिंगी जाकिटापाशी थांबलं, त्याने ते हुंगलं, शिंकलं आणि आईमागे पळालं. हार्वीचा कॅमेरा मांडीवर होता तसाच राहिला. इनेझ समोर, रिकाम्या काचेकडे तोंड करून बसली होती, म्हणजे तिला दोन्ही बाजूंचं दिसत होतं.

"हार्वी," ती म्हणाली, "तू रडतोयस का?"

"तुला कसं दिसलं?"

"दिसलं नाही. सेहेचाळीस वर्षं ऐकतेय."

शेवटचं जनावर वर झुडपांत दिसेनासं झालं. मग इनेझने किल्ली फिरवली आणि आणखी चार फेऱ्या मारल्या. पोट भरल्यावर माणूस ताट बाजूला सारतं तशी ती स्वतःहून उतरली. बॅनक आणि मासे खाऊन झाल्यावर हार्वीने किल्ली मेबलपुढे धरली.

"तुम्हीही कधीची चालवली नसेल ना? मागून बोलून बोलून माझा जीव घेण्यापेक्षा जरा पुढे येऊन बसा."

मेबलने पन्नासेक किलोमीटर गाडी चालवली. पाठ ठणकू लागली तेव्हा थांबून तिने आपणहून किल्ली परत दिली, आणि शेजारी बसून उरलेल्या वाटेवर प्रत्येक वळणाची गोष्ट सांगत राहिली. कुठे ग्रेडर रुतला होता, कुठे अस्वलाने जेवणाचा डबा पळवला होता. रस्त्याला एकदाही नावं ठेवली नाहीत.

फेब्रुवारीत कचेरीचा फोन वाजला, मेबलने घेतला. बाहेर उणे अडतीस होतं. हार्वी होता.

"उजव्या डोळ्याचं थोडं आणखी गेलंय," तो म्हणाला. "डावा टिकून आहे. ती म्हणते, जूनमध्ये यायचं. समुद्र राहिलाय. मी यादीबिदी केलेली नाही, बाई, शप्पथ."

मागून इनेझचा आवाज आला, "तू सरक, मला दे फोन! मेबल, समुद्राशी वाळू असते का गं? अनवाणी चालता येईल अशी?"

"बारीक गोटे आहेत. पाणी बर्फासारखं असेल."

"चालेल. केव्हा येऊ?"

मेबलने ग्रेटाला हाताने खूण केली, तशी ग्रेटाने भिंतीवरून नकाशा काढून टेबलावर अंथरला आणि चारी कोपऱ्यांवर कप ठेवले.

"पंधरा जूनच्या आधी नको, फेरीबोट सुरू व्हायला हवी," मेबल म्हणाली आणि तिने पेन्सिल उचलली. "आणि हे बघ, या खेपेला नऊ दिवस काढून या. ग्रेटाही येणार आहे. इतकी वर्षं लोकांना तिकडे धाडते, खिंडीच्या पुढे गेलेली नाही कधी."