दाट तेलाचे दोनशे सेकंद

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे बंब म्हणतात. एक तर तो बॉयलर चालवतो, आणि दुसरं म्हणजे तापायला त्याला फार वेळ लागत नाही. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. टँकर आला की जळणाचं तेल किती दाट आहे ते मोजायचं आणि बंबाला फोनवर आकडा सांगायचा, हे माझं काम. त्या आकड्यावरून तो तेल किती तापवायचं ते ठरवतो. दाट तेल कमी तापवलं तर त्याचा बारीक फवारा होत नाही, आणि फवारा झाला नाही की ते धड जळत नाही.

मोजण्यात काही मोठं शास्त्र नाही. तळाला भोक असलेल्या पेल्यात तेल भरायचं आणि खालच्या बाटलीतल्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. पेले दोन. रोजच्या तेलाला बारीक भोकाचा. फार दाट तेल त्यातून उतरता उतरत नाही, म्हणून त्याला मोठ्या भोकाचा. पण बंबाच्या तक्त्यावर सेकंद नसतात, सेंटिस्टोक असतात, म्हणजे दाटपणाचं ठरलेलं माप. बारीक भोकाचे सेकंद साडेचार-पावणेपाचाने भागायचे, मोठ्या भोकाचे दुप्पट करून वर थोडे घालायचे. रोज तेच ते पातळ तेल यायचं, त्यामुळे भागायची सवय माझ्या हाडीमाशी खिळली होती.

त्या दिवशी नव्या पुरवठादाराचं तेल आलं. बारीक पेल्यातून ते थेंब थेंब गळायला लागलं तेव्हा मी वैतागून मोठा पेला लावला. दोनशे सेकंद भरले. तेवढ्यात बंबाचा फोन आला. वाफेसाठी सगळे त्याच्या डोक्यावर बसले होते आणि तो माझ्या. मी दोनशेला भागलं आणि सांगून टाकलं, त्रेचाळीस. तो खूश झाला. मग फार तापवायला नको, म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी पेला धुवायला घेतला. तेल काही केल्या सुटेना. मनात म्हटलं, एवढं चिवट तेल आणि त्रेचाळीस? मग हातातल्या पेल्याच्या भोकाकडे पाहिलं. मोठं भोक. भागायचं नव्हतंच मुळी, गुणायचं होतं. त्रेचाळीस कसले, सव्वाचारशे!

फोन लावला. वाजत राहिला. पंप चालू असला की तिथे कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही. तशीच धावत सुटले.

आवारात आले आणि वर धुराड्याकडे पाहिलं. काळा धूर येत असता तर निदान जाळ पेटलेला आहे एवढं तरी कळलं असतं. धूर थांबला होता. म्हणजे जाळ विझला होता, आणि न जळलेलं तेल तापलेल्या भट्टीत साचून त्याची वाफ होत होती. अशा वेळी पंख्याने भट्टीत बराच वेळ हवा मारून सगळं बाहेर काढायचं, मगच पुन्हा पेटवायचं, असा नियम आहे; नाहीतर ठिणगी पडताच भट्टीचा स्फोट होतो. पण वाफेची घाई असली की आमची माणसं हे फुंकणं मध्येच तोडतात. बंब तर त्यात पटाईत. यंत्राला कसं फसवायचं हे तो घरी जेवताना कौतुकाने सांगायचा आणि मीही हसायचे. आता डोक्यात एकच होतं, की त्याने पेटवायचं बटण दाबू नये.

आत शिरले तेव्हा तो बटणाकडेच हात नेत होता. मी मागून त्याची कॉलर धरून ओढली. तो चिडून वळला.

"अरे, आकडा चुकला माझा. दहापट दाट आहे ते तेल."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने वाकून काचेच्या झरोक्यातून आत पाहिलं, मग मला पाहायला लावलं. भट्टीच्या तळाशी तेल चमकत होतं. दोनदा पेटवून पाहिलं, दोन्हीदा विझलं, असं तो हळूच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

तेलाची झडप बंद केली. भट्टी थंड केली, तळ पुसून काढला, पंखा मनसोक्त फिरू दिला. या वेळी वाफेसाठी ओरडणाऱ्यांना बंबाने सरळ हाकलून दिलं. मी परत जाऊन तेल नव्याने मोजलं, पेल्याचं भोक उजेडात धरून पाहिलं, हिशेब पुन्हा पुन्हा केला. मग फोनवर सांगितलं, सव्वाचारशे.



"नक्की ना, ताई?"

इतक्या वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. आकडा बरोबर होता, मला ठाऊक होतं. त्रेचाळीस सांगतानाही मला असंच ठाऊक होतं.

"थांब, मी येते तिथे," मी म्हटलं.

तेल पुरेसं तापलं होतं. बंब मला बाहेर जाऊन उभी राहा म्हणाला. मी ऐकलं नाही. त्याने एकदा माझ्याकडे रागाने पाहिलं, मग सरकून मला शेजारी जागा करून दिली. मी त्याचा दंड घट्ट धरला, आणि त्याने बटण दाबलं.