माझ्या शहरात कुणी हरवत नाही

हॅल्डन रस्त्यावरचं पोलीस ठाणं महापालिकेने बंद केलं तेव्हा कारण सांगितलं काटकसरीचं. तीन वर्षं तिथे कबुतरांनी संसार केला. मग टीव्हीवाले आले आणि महिन्याभरात त्यांनी त्या इमारतीचा असा काही कायापालट केला की खऱ्या पोलिसांनी पाहिलं असतं तर त्यांना रडू कोसळलं असतं. भिंतभर पडदे, निळे दिवे, काचेचे दरवाजे. ज्या स्वच्छतागृहाच्या नळासाठी ओडेसा टिलमनने अकरा वर्षं अर्ज केले होते, तो नळसुद्धा दुरुस्त झाला. नंतर दिग्दर्शकाला तो फारच नवा वाटला, म्हणून एक माणूस नेमून तो पुन्हा गळका करण्यात आला.

ओडेसाने या ठाण्याचा काउंटर सव्वीस वर्षं सांभाळला होता. शिकागोच्या दक्षिण भागातल्या त्या चार वस्त्यांमध्ये कुणाची सायकल गेली, कुणाचा जावई पिऊन दारावर लाथा मारतोय, हे सगळं आधी ओडेसाच्या कानावर जायचं आणि मग कायद्याच्या. आता ती निवृत्त होती, तिचा डावा गुडघा तिच्याही आधी निवृत्त झाला होता, आणि मालिकेत ती ‘तांत्रिक सल्लागार’ होती. म्हणजे घडीच्या खुर्चीवर बसायचं, विचारलं तर सांगायचं, आणि सांगितलेलं कुणी ऐकत नाही हे हसतमुखाने बघायचं.

मालिकेचं नाव ‘ब्लू क्लाउड’. मॅडॉक्स नावाचा एक अब्जाधीश पोलिसांच्या ढिसाळपणाला वैतागतो आणि शहराचं एक ठाणंच दत्तक घेतो. मग ड्रोन येतात, फोनवर एक बटण येतं. ते दाबलं की दीड मिनिटात पोलीस दारात. बेचाळीस मिनिटांत भाग संपायचा असल्यामुळे गुन्हेगारही बिचारे वेळेत सापडायचे. मालिका पुढच्या वसंतात दाखवली जाणार होती, पण तिची पोस्टरं आत्ताच प्रत्येक बसथांब्यावर लागली होती.

पहिल्याच दिवशी ओडेसाने दिग्दर्शकाला सल्ला दिला होता. हा लँडन कीफ, चाळिशीचा, डोक्यावर कायम लोकरीची टोपी.

‘‘ठाण्यात पहिलं काम असतं ते कुणीतरी विचारायचं, काय झालं म्हणून,’’ ती म्हणाली, ‘‘आणि सांगतात ते लिहून घ्यायचं.’’

‘‘फारच मोलाचं बोललीस ओडेसा,’’ कीफ म्हणाला. ‘‘पण फॉर्म भरताना कोण बघत बसणार? लोक चॅनल बदलतील.’’

एकाच बाबतीत तिची मागणी मान्य झाली. काउंटरवरचे कागद कॅमेऱ्यात दिसणारच नव्हते, त्यामुळे ते कसेही असले तरी चालणार होतं. ओडेसाने ते जसेच्या तसे छापून घेतले. हरवलेल्या व्यक्तीचा फॉर्म, दोन पानी, शेवटच्या चौकोनांसकट. आणि त्या काउंटरमागे गणवेश घालून नुसतं बसायला जो माणूस ठेवला होता, त्या स्लोअनला तिने महिनाभर शिकवलं. स्लोअन हा निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांना ‘आ करा’ म्हणण्यात गेल्यावर त्याला अभिनयाची हौस आली होती. संवाद एकही नव्हता, पण माणूस मन लावून शिकला. नाव, वय, अंगावर काय होतं, शेवटचं कुठे पाहिलं. मध्ये बोलायचं नाही. रडत असेल तर रुमाल द्यायचा, सल्ला द्यायचा नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वा वाजता, व्हर्डेल प्रुइट त्या काचेच्या दारातून आत आली. पंचाहत्तरच्या पुढची बाई, घरातल्या झग्यावर कोट चढवलेला, एका पायात सपात आणि दुसऱ्यात बूट. दारावरच्या माणसाला वाटलं, वेशभूषावाल्यांनी आज बाजी मारली. त्याने अदबीने दार धरलं.

‘‘मिस ओडेसा!’’ तिने हाक मारली. ‘‘उघडलं का गं परत? देवा तुझे उपकार! बाहेर सहा गाड्या बघितल्या आणि माझ्या जिवात जीव आला.’’

ओडेसा खुर्चीतून उठली. या बाईची पर्स एकदा हिसकावली गेली होती, त्याचा फॉर्म तिनेच भरला होता. ‘‘काय झालं व्हर्डेल?’’

‘‘लॉन्झो नाहीसा झालाय. साडेनऊला मी दुकानातून आले तर दार सताड उघडं. चार तास होत आले. कोट घरात खुंटीवर लटकतोय.’’ तिने काउंटरची कड पकडली. ‘‘त्याला आठवत नाही गं काही. रस्ता आठवत नाही, घर आठवत नाही.’’

बाहेर शिकागोच्या त्या अफाट तळ्यावरून वारा सुटला होता आणि त्या वाऱ्यात व्हर्डेलचा ऐंशी वर्षांचा नवरा, अलोन्झो, विनाकोटाचा. 

‘‘पोलिसांना फोन केलास?’’

‘‘दोनदा केला. म्हणाले, गाडी मोकळी झाली की पाठवतो. घरी बसवेना, आम्ही जातो तिथे सगळीकडे शोधलं, चर्चमध्ये, न्हाव्याकडे. मग बसथांब्यावर तुमचं ते पोस्टर दिसलं. दीड मिनिटात येतात म्हणे.’’ तिने आपला जुना फोन पुढे केला. ‘‘माझ्या फोनवर ते बटणच सापडत नाहीये. तू दाब ना.’’

ओडेसाने फोन तिच्या मुठीत परत दिला. 

‘‘व्हर्डेल, हे खरं ठाणं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ही टीव्हीची मालिका आहे. हे सगळे नट आहेत.’’

व्हर्डेलने सभोवार पाहिलं. चाळीसएक पोलीस होते. कुणी कॉफी पीत होता, कुणी आरशात मिशी चिकटवत होता.

‘‘एवढ्यांतला एकही खरा नाही?’’

‘‘मी होते,’’ ओडेसा म्हणाली. ‘‘तू बस इथे.’’

ती लंगडत कीफकडे गेली. पलीकडच्या मोठ्या दालनात दिवसभर एकच प्रसंग चालला होता. हरवलेलं मूल ड्रोन शोधून काढतो, मॅडॉक्स पडद्यांच्या भिंतीकडे पाठ करून उभा राहतो आणि म्हणतो, ‘‘माझ्या शहरात कुणी हरवत नाही.’’ सहा वेळा म्हणून झालं होतं. नायकाच्या डोळ्यांत वेळेवर पाणी येत नव्हतं, म्हणून आता थेंब घालणं चाललं होतं.

‘‘एक म्हातारा हरवलाय. खराखुरा,’’ ओडेसा म्हणाली. ‘‘तुझे ड्रोन दे.’’

‘‘ओडेसा, ते उडत नाहीत. प्लास्टिकचे आहेत. ते नंतर उडतात, कॅलिफोर्नियात, संगणकावर.’’

‘‘मग हे पडदे? शहरभरचे कॅमेरे दिसतात ना यात?’’

‘‘ती टोरांटोची वाहतूक आहे. तयार मिळाली.’’

‘‘बरं, माणसं तरी दे. चाळीस जण नुसते बसलेत. आसपासच्या गल्ल्या बघून येतील.’’

‘‘वेडी आहेस का? गणवेशात बाहेर पडले तर खरे पोलीस येऊन तोतया म्हणून उचलतील.’’

‘‘उत्तम,’’ ओडेसा म्हणाली. ‘‘त्या निमित्ताने ते येतील तरी.’’

कीफने ‘‘फारच मोलाचं’’ म्हणत तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सातव्यांदा शांततेची आरोळी दिली. ओडेसा परत फिरली. एवढ्या दिव्यांच्या झगमगाटात माणूस शोधायचं एकही साधन नव्हतं, याचा तिला इतका संताप आला की गुडघा दुखायचा थांबला. मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. काउंटरपाशी गेली, स्लोअनच्या पुढ्यातली फॉर्मची चळत ओढली आणि पेन उघडलं.

‘‘हं, सांग व्हर्डेल. पूर्ण नाव.’’

पण वरचा फॉर्म कोरा नव्हता. बाजूला ठेवण्याआधी ओडेसाने सवयीने त्यावर नजर टाकली, आणि ती नजर तिथेच अडकली.

हरवलेल्या व्यक्तीचं नाव: व्हर्डेल प्रुइट. वय: सव्वीस. अंगावर: हिरवा कोट, वरून दुसरं बटण वेगळं, तांबडं. शेवटचं कुठे पाहिलं: एकोणचाळिसाव्या रस्त्यावर नाचाच्या हॉलबाहेर, बसची वाट बघत, हसत होती. तक्रारदार: अलोन्झो प्रुइट, पती.

‘‘स्लोअन, हे काय आहे?’’

स्लोअनचा चेहरा खुलला. ‘‘वाचलंस? सगळे रकाने भरलेत की नाही? सकाळी दहाच्या सुमाराला आला होता तो. ओडेसा, काय नट आहे गं! खरं पाणी डोळ्यांत, एक थेंब औषध न घालता. मी मध्ये अवाक्षर काढलं नाही. रुमाल दिला.’’

‘‘आणि मग? कुठे गेला तो?’’

‘‘ती नटांच्या यादीवाली बाई आली, म्हणाली जखमी लोक इकडे, आणि घेऊन गेली रंगवायला. आज सबंध दिवस आहे तो मोठ्या प्रसंगात. नशीब लागतं!’’

ओडेसा धावली. म्हणजे तिच्या गुडघ्याला धावणं जेवढं जमलं तेवढं, आणि तिच्या मागोमाग एक सपात आणि एक बूट.

दालनात सातवा प्रयत्न रंगात आला होता. नायकाच्या डोळ्यांत अखेर पाणी तरळलं होतं. ‘‘माझ्या शहरात,’’ तो म्हणाला, आणि नेमक्या त्याच क्षणी ओडेसा त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मधून तरातरा निघून गेली. पडद्यांच्या भिंतीखाली बाकावर, करडी घोंगडी पांघरून, कपाळाला लाल डागांची पट्टी बांधून अलोन्झो प्रुइट बसला होता. हातात सूपचा पेला होता.

‘‘कट!’’ कीफ किंचाळला. ‘‘ओडेसा, अर्धं वाक्य झालं होतं!’’

‘‘तो हरवलेला माणूस हा आहे.’’

‘‘कुठला?’’

‘‘हा. सहा वेळा तुझ्या चित्रात बसून झालाय तो.’’

सगळ्यांनी माना वळवल्या. तीन तास ज्याच्यावर दोन कॅमेरे आणि नऊ दिवे रोखलेले होते, त्या माणसाकडे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. मग यादीवाली बाई पुढे आली. ‘‘त्याला आता हलवता येणार नाही हं. मागच्या सगळ्या प्रयत्नांत तो आहे. एकदम नाहीसा झाला तर बघणारे विचारतील, तो म्हातारा कुठे गेला?’’

‘‘काळजी करू नकोस,’’ ओडेसा म्हणाली. ‘‘कुणी विचारत नाही.’’

व्हर्डेल तोवर बाकापाशी पोचली होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. ‘‘रक्त...’’

‘‘रंग आहे, बाई,’’ अलोन्झो अदबीने म्हणाला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. ‘‘बसा. तुमचंही कुणी हरवलंय का?’’

व्हर्डेल त्याच्या शेजारी बसली. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘माझा नवरा.’’

‘‘घाबरू नका. इथली माणसं चांगली आहेत. बाहेरच्या त्या साहेबांनी माझं सगळं लिहून घेतलं, एकदाही घाई केली नाही. माझी बायको हरवलीय. घरी एक म्हातारी बाई असते, स्वभावाने बरी आहे, माझं करते सगळं. पण माझी व्हर्डेल कुठे आहे असं विचारलं की नुसती रडते. म्हणून म्हटलं, ठाण्यातच जावं.’’

 कीफ कॅमेरामनच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, ‘‘चालू आहे ना रे?’’ ओडेसाने जवळच्या टेबलावरचा प्लास्टिकचा ड्रोन उचलला आणि भिंगासमोर घट्ट धरून उभी राहिली. महिन्याभरात त्या यंत्राचा झालेला हा पहिलाच उपयोग.

‘‘घरी जायचं का आता?’’ व्हर्डेलने विचारलं.

‘‘छे! ती सापडल्याशिवाय मी इथून हलायचा नाही.’’

व्हर्डेलने ओडेसाकडे हात केला. ओडेसाच्या मुठीत तो फॉर्म अजून होता. देऊ की नको असं तिला क्षणभर झालं, मग तिने दिला. व्हर्डेलने कागद डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचला.

‘‘तांबडं बटण,’’ ती म्हणाली. ‘‘हे मीच विसरले होते.’’

‘‘मी शिवलं होतं ते,’’ अलोन्झो म्हणाला. ‘‘हिरवं मिळालंच नाही कुठे. ती म्हणाली, राहू दे, शोभतंय.’’

‘‘शोभत होतं.’’ तिने कागद ओडेसाला परत दिला, त्याच्या हातातला पेला काढून बाकावर ठेवला आणि घोंगडी त्याच्या गळ्याशी नीट बंद केली. ‘‘ती कुठे आहे ते मला माहीत आहे.’’

‘‘खरंच? बरी आहे ना?’’

‘‘दमलीय थोडी. तुमची वाट बघतेय. लांब नाही, मी दाखवते तुम्हाला.’’

बावन्न वर्षांच्या संसारात तिने त्याला आज पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं. अलोन्झो उठला, आणि रस्ता निसरडा असेल म्हणून त्या अनोळखी म्हातारीला त्याने आपला हात दिला. स्लोअनने त्यांना आपल्या स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. गणवेश उतरवायचं त्याला सुचलंच नाही, आणि तोतया म्हणून त्याला कुणी पकडलंही नाही.

व्हर्डेलच्या फोनवर निघालेली खरी गाडी तिच्या घरून होऊन चार वाजता इथे आली. खरा पोलीस आत शिरून पडद्यांच्या भिंतीकडे आ वासून बघत राहिला. ओडेसा काउंटरमागे, आपल्या जुन्या जागेवर बसली होती. तिने अलोन्झोचा तोच फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

त्याने थेट मागचं पान काढलं, कारण सगळे तेच काढतात. शेवटी दोन चौकोन होते, ‘सापडली’ आणि ‘तपास चालू’.

‘‘बाई, इथे दोन्हीवर खूण केलीय तुम्ही. एक चुकून झाली का?’’

‘‘नाही,’’ ओडेसा म्हणाली आणि तिने त्याच्याकडे खुर्ची सरकवली. ‘‘बस. पहिल्या पानापासून वाच.’’