सोमवारपर्यंतचा निरंक

"खुर्च्या आणल्या तीन, त्यातली एक नूतनला. नि आपली तुळशी चटईवर. बारा वरसं दारोदारी ताप मोजला तिनं, तिला खुर्ची नाय."

शाळेच्या व्हरांड्यात बसून सुंदराबाई हे शेजारणीच्या कानात बोलत होती, पण तिची कुजबुज पाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. तुळशी तर हातभर अंतरावर होती. एरवी असं काही कानावर पडलं की तुळशीला ते दोन दिवस पुरायचं. आज तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत वही होती.

बारवी धरणाच्या वाटेवरचा हा सव्वीस घरांचा पाडा. माणसांचा ताप बघायला आशाताई म्हणून तुळशी, आणि दीड वर्षापासून जनावरांचं बघायला पशुसखी म्हणून नूतन. नूतन म्हणजे तुळशीच्या धाकट्या दिराची, जनूची सून. अंबरनाथ पश्चिमेची मुलगी, बारावी सायन्स. लग्न होऊन आली तेव्हा म्हशीनं नुसती शेपटी हलवली तरी दोन पावलं मागे व्हायची. आता म्हशीचा जबडा उघडून औषध पाजते, हात धुते, टॅबवर बोट फिरवते आणि पाड्यातली गोष्ट बदलापूरला पोचलेली असते. तिथं तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. पाड्यातल्या पोरी तिला मॅडम म्हणायला लागल्या.

तुळशीला बारा वर्षांत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. "तुळशे, गोळी हाय का गं?" एवढंच. हे तिनं बोलून दाखवलं नाही. मनात नोंदवून ठेवलं. नोंदी ठेवण्यात ती पक्कीच होती.

गौरी यायच्या आधीच्या गुरुवारी नूतन तिच्या दारात आली होती. पायाला गोठ्यातलं शेण, हातात टॅब.

"काकी, आठ दिवसांत दोन म्हशींनी गाभ टाकला. एक आपली, एक कोंडाजीबाबांची. मला लेप्टोचा डाउट आहे, जनावरांच्या लघवीतून माणसांना होतो तो. तुमच्याकडे तापाचं कोणी आहे का? पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, असं? मॅच झालं ना, तर लगेच वर टाकते मी."

तुळशीच्या वहीत तीन नावं होती. त्यातलं एक जनूचं. त्याच सकाळी तो तिच्या ओटीवर बसून पाय चोळत होता. "वहिनी, पोटऱ्या पिळून निघाल्यात. भाताच्या बेणणीला चिखलात उभं राहवत नाय. घरात बोललो नाय, सून लगेच दवाखान्यात धाडंल." तिनं त्याला तापाची गोळी दिली, तारीख घातली, आणि पेन्सिल हातात तशीच राहिली. जनू, कोंडाजी, विठा. तिन्ही घरं एकाच ओहळाच्या कडेला. तिघांची शेतं गोठ्यांच्या खाली, गोठ्यातलं मूत पावसाच्या पाण्याबरोबर उतरतं तिथंच. बारा वर्षांत तिला इतकं लख्ख काही दिसलं नव्हतं. तिनं स्वतः शोधलं होतं. आणि आता ते नूतनच्या बोटाखालून वर जाणार होतं. आणखी एक शाल.

"निरंक," ती म्हणाली.

काही नाही असं कळवायचं असलं की सरकारी कागदावर निरंक लिहायचं, हे तिला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं.

"नक्की ना काकी?"

"मी काय आज आले का या कामात?"

नूतननं मान हलवली आणि माणसांच्या रकान्यात निरंक भरून टाकलं. काकींच्या शब्दावर तिनं कधी शंका घेतली नव्हती, हेही तुळशीला जरा टोचायचंच.

तुळशीचं ठरलं होतं. सोमवारी आरोग्य केंद्रातल्या मीटिंगला उभं राहून, वही उघडून, डॉक्टरबाईंना आपण स्वतः सांगायचं. नेसायची साडीही तिनं काढून ठेवली. पण सोमवारी गौरीपूजन आलं आणि मीटिंग पुढच्या सोमवारवर गेली. फोन करता आला असता. फोनवर सांगितलेलं कोण बघतं?

मंगळवारी गौरी विसर्जनाला निघाल्या तेव्हा जनूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि लघवी बंद. मुलगा अल्पेश त्याला रिक्षात घालून उल्हासनगरला घेऊन गेला. तिथं रक्त तपासलं, लेप्टो निघाला. किडनी काम करेना म्हणून दोनदा मशीन लावलं.

तेव्हापासून विठाला तुळशी रोज सांगत होती, एकदा दवाखान्यात जाऊन ये. का, ते सांगत नव्हती.

आज शुक्रवार. माणसांच्या डॉक्टर विनिताबाई आणि बदलापूरचे जनावरांचे डॉक्टर समोरच्या दोन खुर्च्यांवर बसले होते.

"गुरुवारी दोन म्हशींची नोंद आहे," विनिताबाई म्हणाल्या. "माणसांच्या रकान्यात निरंक. आणि मंगळवारी पेशंट एकदम सिरियस. असं होत नाही. त्याच्या आधी ताप कोणाला होता? मला नावं हवीत, बाकीच्यांना औषध सुरू करायचंय."

गुरुवारी जनू कुणाच्या ओटीवर पाय चोळत बसला होता, ते साऱ्या पाड्यानं पाहिलं होतं. पण आपल्या माणसाचं नाव बाहेरच्यापुढे कोण घेणार? सुंदराबाई पदराचा दोरा ओढत राहिली. कोंडाजी नको तेवढा खोकला.

नूतन उठली. सकाळीच ती दवाखान्यातून आली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मॅडम, मिस्टेक माझी आहे. काकींनी मला सांगितलं होतं. माझ्याकडूनच चुकीची एंट्री झाली."

"तुमचे स्वतःचे सासरे, आणि तुम्ही..." विनिताबाईंनी पेन उचललं.

तुळशीला वाटलं, आता आपल्याला बरं वाटेल. पण छातीत पेटलं ते जुनंच. शाल घेतली, खुर्ची घेतली, आता हेही हिनंच घ्यायचं? उद्या पाडा म्हणेल, काय मन आहे पोरीचं. आणि आपण चटईवर बसून ऐकायचं.

ती उठली. गुडघा वाजला. वही काढून तिनं टेबलावर उघडी ठेवली.

"तीन नावं हायत बाई, मागल्या आठवड्यातली. कोंडाजी, मंगळवारपासून. जनू, बुधवारपासून. विठा गुरुवारची, तिचा ताप अजून उतरला नाय. ती त्या खांबाला टेकलीय ना, ती. तिला आधी बघा."

"काकी, बसा ना," नूतन हळूच म्हणाली. तिनं खुर्ची पुढे सरकवली.

"ऱ्हाऊ दे. खुर्ची तुझीच हाय." तुळशीनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "ती खोटं बोलते. तिनं दारात येऊन विचारलं होतं. मला ठाऊक होतं, नि मी निरंक सांगितलं. तिचं नाव होईल म्हणून."