एक मूळ राहिलंय

म्हाताऱ्या न्हाव्याला दोन गोष्टींची मनापासून शिसारी होती: अंगणातल्या हिरवळीत उगवलेली रानशेवंती आणि घरात उगवलेला जावई. दोघंही आगंतुक, दोघंही फुकट पोसलेली.

जन्मभर लोकांची डोकी भादरलेला माणूस तो, हिरवळही गिऱ्हाइकाच्या मानेसारखी साफ ठेवायचा. पण रानशेवंती वस्ताद. पानं जमिनीला चिकटून बसायची, कात्री वरून जायची आणि चार दिवसांत पिवळी फुलं पुन्हा हजर. जावई त्याच जातीचा. नाटकांचे पडदे रंगवायचा, ते काम सुटलं तसा घरीच. "काय जावईबापू, आज कुठला डोंगर रंगवलात?" असं जेवताना विचारलं तरी मान खाली घालून गिळत राहायचा. लेक दिवसभर बापाच्या दुकानात कात्री चालवून यायची आणि बसायची मात्र त्या बावळटाशेजारी. हे म्हाताऱ्याला जास्त झोंबायचं. हा उपटसुंभ एकदाचा टळला, की लेक पुन्हा आपली, एवढाच त्याचा हिशेब.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं जावयापुढे जुना सुरा टाकला.

"ती फुलं काढ. मुळासकट. अर्धवट काम मला चालत नाही. झालं, की तूही चालता हो."

जावई दुपारभर उकिडवा बसून खणत होता. हातभर लांब मुळं त्यानं न तोडता वर काढली, वर खड्डेही बुजवले. म्हातारा खिडकीतून खूश. संध्याकाळी लेक दोन बॅगा घेऊन बाहेर आली आणि दुकानाची किल्ली बापाच्या हातावर ठेवली.

"तू कुठे निघालीस? मी त्याला म्हटलं."

"ऐकलं मी, बाबा," ती म्हणाली आणि नवऱ्यामागे गेली.

गेली तर गेली, म्हाताऱ्यानं नाक मुरडलं. दुकान उघडलं. पण हात आता थरथरायचा, गिऱ्हाइकं मान आखडून बसायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. घरी जेवताना टोमणा मारायलाही कोणी नव्हतं.

पावसानंतर एका बुजवलेल्या खड्ड्यातून चार पानं वर आली. म्हाताऱ्यानं लगेच लेकीला फोन लावला.

"तुझ्या त्या दिवट्या नवऱ्याला सांग, एक मूळ राहिलंय. येऊन काढ म्हणावं."

"तुम्हीच उपटा की, बाबा."

"मला वाकवत नाही," तो खेकसला. "दोघं या."

त्यानं फोन ठेवला, झारी उचलली आणि वाकून त्या चार पानांना पाणी घातलं.